मार्चनंतरच्या विद्यावेतनाविषयी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे. आईचा गुडघाही बरा आहे. लेखा विभागात माझ्या शेजारी बसून ज्याने मार्चअखेरीची बिले काढली, त्यालाच सांगता येईल अशी गोष्ट घडली, म्हणून लिहीत आहे.

आमच्या केंद्रातील भूजल प्रकल्पावर काम करणाऱ्या मुलीने काल राजीनामा दिला. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफचे, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रांचे, दरमहा विद्यावेतन 31 हजारांवरून 37 हजार झाले, त्या भरवशावर तिने शाळेतली नोकरी सोडली होती. एप्रिलपासून तिच्या हाती रुपया नाही. ज्यात पैसा न ठेवता फक्त खर्चाची मर्यादा मिळते, त्या शून्य शिल्लक खात्यातली मर्यादा 31 मार्चला रद्द झाली, पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचे विवरणपत्र मान्य झाल्याखेरीज सुटत नाही, आणि प्रमुख संशोधकापासून वित्त अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या सह्या होऊन गेलेले कागद दिल्लीहून शंका घेऊन परत येतात. सरकारी निधी कुठवर आला हे दाखवणाऱ्या पीएफएमएस या संगणकप्रणालीबद्दल ती माझ्या टेबलापाशी येऊन एवढेच विचारायची, "सर, पीएफएमएसवर काही दिसतंय का?"

यावरूनच आपले कँटीनमध्ये वाजले होते. सरकारचा पैसा विद्यापीठांच्या खात्यांत पडून राहतो, तो लागेल तेव्हाच सोडावा, असे तू म्हणायचास, आणि ते मला आजही खोडता येत नाही. पण पूर्वी त्याच शिल्लक रकमेतून मुलांचे दोन-तीन महिने निघून जात. यंत्राचे बिल थांबले तर पुरवठादार कुरकुरतो; विद्यावेतन थांबले तर मुलीला खोली सोडून गावी जावे लागते. आमच्या नोंदवहीत मात्र दोन्ही एकाच रकान्यात, प्रलंबित देयके म्हणून बसतात, याचा मला फार त्रास होतो.

प्रकल्पांमागे संस्थेला ओव्हरहेड, म्हणजे संस्थेच्या सर्वसाधारण खर्चापोटीचा निधी, मिळतो. त्यातून फिरता निधी उभारून विद्यावेतन आगाऊ द्यावे आणि अनुदान येताच ते वळते करून घ्यावे, अशी टिपणी मी वित्त समितीपुढे ठेवणार आहे. प्रकल्पाची मंजूर मुदत शिल्लक असेल तरच आगाऊ रक्कम द्यावी, अशी अट घातली आहे. तरीही मागच्या आर्थिक वर्षाचा खर्च या वर्षाच्या हप्त्यातून वळता केला, असा आक्षेप लेखापरीक्षणात यायला नको. ते कलम कसे लिहावे, हे तुझ्याइतके कोणाला कळणार? मसुदा सोबत जोडला आहे; निर्दयपणे खोड.

बदलीचे काय झाले? वहिनींना नमस्कार. तपासलेला मसुदा या आठवड्यात परत पाठव, कारण प्रकल्पावरच्या दुसऱ्या मुलानेही काल कार्यमुक्तीचा अर्ज कसा करायचा, हे विचारले आहे.

तुझा स्नेही