लाकडाला हलायला जागा ठेवा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही काढलेलं बुद्धिबळ आणि पत्त्यांच्या टेबलाचं चित्र पाहिलं. मापं बहुतेक जमली आहेत, एकच गोष्ट बदला. बुद्धिबळाचा पट प्लायवर सगळीकडून गोंद लावून चिकटवायचा, असं तुम्ही लिहिलं आहे. तसं करू नका. भरीव लाकूड रेषांच्या (तंतूंच्या) आडव्या दिशेने फुलतं आणि आखडतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ काहीच होत नाही. प्लाय तर दोन्हीकडे जागच्या जागी राहतो. ४४० मिमी रुंदीचा पट कोरड्या आणि दमट हवेत मिळून दोन-तीन मिमी सहज कमी-जास्त होतो. तो प्लायला जखडला, की हवा कोरडी पडताच एखादा सांधा फाटतो, नाहीतर अख्खी फळी वाडग्यासारखी वळते. म्हणून पट चौकटीत सुटा बसवायचा. बाकीची मापं मी त्यावरूनच धरली आहेत.

आधी उंची. आई, तुझ्या गुडघ्यांना टेबलाखाली मोकळी जागा हवी, म्हणून टेबल ७४० मिमी उंच धरलं आहे. वरचा थर आणि सोंगट्यांचा खण मिळून ९० मिमी जातात, खाली ६५० मिमी उरतात. खुर्चीची बैठक ४५० मिमीच्या आसपास असेल तर हे माप चालतं. बैठक आणि टेबलाचा माथा यांत २८० ते ३०० मिमी अंतर असलं की हात खांद्यातून उचलावा लागत नाही. खाली पायांना जोडणारी आडवी दांडी नको, तिला नेमकी पावलं अडतात.

घरं ५५ मिमीची घ्या. स्पर्धेच्या पटाची घरं ५० ते ६० मिमी असतात आणि ९५ मिमी उंचीचा राजा त्यात नीट बसतो. गडद घरांना शिसव, फिकटांना मॅपल किंवा हेदू. चष्मा न लावता पलीकडच्या कोपऱ्यातला उंट दिसायला हवा, म्हणून दोन लाकडांच्या रंगांत ठळक फरक ठेवा. सागवान आणि मॅपल जवळून छान दिसतं, पण दिव्याखाली दोन्ही एकमेकांत मिसळतात.

लाकूड आणलं की लगेच कापू नका. टेबल ज्या खोलीत राहणार आहे तिथेच फळ्यांच्या मध्ये बारीक काठ्या ठेवून दोन-तीन आठवडे रचून ठेवा. ओलाव्याचं मीटर मिळालं तर ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान आकडा आला की कामाला लागा.

आता पट. ५०० मिमी लांब, १४ मिमी जाड अशा आठ पट्ट्या लागतात, चार गडद, चार फिकट. जोडून झाल्यावर रंध्याने १२ मिमीवर आणायच्या. मधल्या सहा ५५ मिमी रुंद, पण दोन टोकांच्या ६१ मिमी, कारण कडेचे ६ मिमी चौकटीच्या खाचेत जाणार आहेत. हे विसरलं तर पट पूर्ण झाल्यावर कडेची घरं अरुंद दिसतात आणि तेव्हा काही करता येत नाही. एका मापाच्या सगळ्या पट्ट्या यंत्राच्या एकाच सेटिंगवर कापा. प्रत्येक पट्टीत ०.३ मिमीची चूक राहिली तर आठव्या पट्टीपर्यंत ती २.४ मिमी होते आणि घरांचे कोपरे जुळत नाहीत.

शिसव तेलकट असतं. जोडायच्या कडा गोंद लावण्याआधी ॲसिटोनने पुसा आणि सुकल्या की लगेच गोंद लावा. साधा पांढरा गोंद पुरतो. गडद, फिकट असं आलटून पालटून जोडा आणि चोवीस तास तसंच ठेवा. घाई करून रंधा मारला तर सांध्याजवळचं लाकूड गोंदातल्या पाण्याने फुगलेलं असतं. ते तासलं जातं आणि नंतर आखडल्यावर तिथे बारीक खळगा दिसतो.

मग फळी आडवी कापून पुन्हा आठ पट्ट्या करा, इथेही टोकाच्या दोन ६१ मिमी, बाकी ५५. करवतीच्या पात्याचे दरवेळी साधारण ३ मिमी जातात, म्हणून सुरुवातीची लांबी ५०० मिमी सांगितली. एक सोडून एक पट्टी उलट दिशेला फिरवली की पट तयार. दुसऱ्यांदा जोडताना मधल्या दोन पट्ट्यांपासून सुरुवात करून बाहेर या. कडेपासून सुरुवात केली तर सगळी चूक शेवटच्या ओळीत साठते, मधून केली तर ती दोन्हीकडे वाटली जाते. क्लॅम्प आळीपाळीने वरून आणि खालून लावा. सगळे एकाच बाजूने लावले तर पट कमानीसारखा उचलतो.

चौकटीच्या पट्ट्या ४० मिमी रुंद, २० मिमी जाड. वरून ४ मिमी सोडून आत ६ मिमी रुंद आणि ९ मिमी खोल खाच करा. पटाच्या चारही कडांना खालून १० मिमी रुंदीत निम्मी जाडी काढून ६ मिमीची जीभ ठेवा. ती खाचेत ६ मिमी आत जाते, पुढचे ३ मिमी रिकामे राहतात आणि तीच फुलायची जागा. पट चौकटीपेक्षा ४ मिमी खाली बसतो, त्यामुळे फट दिसत नाही आणि आडवी पडलेली सोंगटी घरंगळून खाली जात नाही. खाचेत गोंदाचा थेंबही जाऊ देऊ नका. फक्त रेषा जिथे संपतात त्या दोन बाजूंना, अगदी मधोमध, खालून एकेक बारीक खिळा मारा. पट मध्ये राहतो आणि दोन्हीकडे सारखा फुलतो. चौकटीचे कोपरे मात्र गोंदानेच जोडा.

सगळी चौकट बाहेरून ५२० मिमी होते. टेबलाचा माथा १८ मिमी प्लायचा, ७६० मिमी चौरस, मध्ये ५२३ मिमीचं तोंड. प्लायला वरून व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलंत तर खालूनही लावा. एकाच बाजूला लावलेलं व्हिनियर सुकताना प्लायला ओढतं आणि माथा वाकतो. तोंडाच्या आत, माथ्यापासून २० मिमी खाली, चौकट टेकायला पट्ट्या ठोका, त्यांच्या खाली सोंगट्यांचा खण. पट उचलायला एका बाजूला बोट जाईल एवढी खाच ठेवा.

पत्त्यांसाठी त्याच तोंडात बसणारी दुसरी फळी करा: १८ मिमी प्लाय, त्यावर २ मिमी फेल्ट, म्हणजे तीही माथ्याशी सपाट येते. फेल्ट कडांवरून खाली मुडपायचं असल्यामुळे प्लाय ५१६ मिमीचाच कापा. गोंद लाकडाला लावा, फेल्टला नाही, आणि पातळ लावा. जास्त झाला तर कापडातून वर येतो आणि तिथे पत्ते अडखळतात.

पाय वर ५० मिमी चौरस, खाली आतल्या दोन बाजूंनी निमुळते होत ३२ मिमी. निमुळतेपणा वरचे १०० मिमी सोडून सुरू करा, म्हणजे सांध्याची जागा सरळ राहते. चार पायांना जोडणाऱ्या पट्ट्या ७२ मिमी उंच, २२ मिमी जाड. त्यांचं कुसू (पायाच्या भोकात शिरणारं टोक) ८ मिमी जाड आणि ३० मिमी लांब. पायाच्या आत दोन कुसू एकमेकांना भिडतात, म्हणून त्यांची टोकं ४५ अंशांत कापा. गोंद लावण्याआधी सगळं एकदा कोरडंच जोडून दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले नाहीत तर सांगाडा काटकोनात नाही आणि गोंद वाळल्यावर उपाय नाही. माथा प्लायचा आहे म्हणून तो पट्ट्यांना थेट स्क्रूने बसवला तरी चालेल. पुढेमागे भरीव लाकडाचा केलात तर तसं करू नका, त्याला सरकणारी लाकडी बटणं लागतात.

आई, पॉलिश तू करणार आहेस ना? मग इथे नीट लक्ष दे. शिसवाची काळपट भुकटी फिकट घरांत शिरते आणि ती निघत नाही. म्हणून पट घासण्याआधीच मेण काढलेल्या चपडी लाखेचा एक पातळ हात दे, १ लिटर स्पिरिटला १०० ग्रॅम एवढं पुरे. तो वाळला की पॉलिश पेपरने घासायचं: १२० नंबर, मग १८०, मग २४०, नेहमी रेषांच्या दिशेने. जमलं तर १२० ऐवजी स्क्रेपर वापर, त्याची भुकटी उडत नाही. प्रत्येक वेळी ब्रशने झाडून मग पुढचा नंबर घे. घासताना तोंडाला मास्क हवाच. शिसवाच्या धुळीने खोकला येतो, अंगालाही खाज सुटते.

घासून झालं की त्याच लाखेचा आणखी एक हात दे. शिसवातल्या तेलामुळे काही व्हार्निश दिवसेंदिवस चिकट राहतात. मध्ये लाख असली की तो त्रास टळतो. मेणाची लाख वापरली तर मात्र वरचा थर धरत नाही. त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या मॅट पॉलियुरेथेनचे तीन पातळ हात. तेलाच्या व्हार्निशने मॅपल पिवळं पडतं आणि शिसवाशी असलेला फरक कमी होतो. मॅटच घे, चकचकीत पटावर दिव्याचं प्रतिबिंब पडून डोळे दिपतात. डबा हलवू नकोस, बुडबुडे येतात. काठीने तळापासून ढवळ, कारण चमक कमी करणारी पूड तळाशी बसते. दोन हातांच्या मध्ये ३२० नंबरने हलकंच घास.

खण आतून पॉलियुरेथेनने रंगवू नका, नुसता लाखेचा हात द्या. पायांना तुम्ही तेल लावणार असाल तर तेलाचे बोळे गोळा करून कचऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. बाहेर मोकळे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पट तोंडात बसवताना प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताचा कोपरा फिकट आला पाहिजे. चौकटीच्या खाली आधीच खूण करून ठेवा.

बाबा, पाय कापण्याआधी तुमच्या दोघांच्या खुर्च्यांच्या बैठकीची उंची मोजून मला कळवा, बसल्यावर गादी दबते तीही धरून. ४४० मिमीपेक्षा कमी भरली तर मी टेबलाची उंची बदलून देते.

तुमची लेक