सूचना : दहावी इंग्रजी, बातमीलेखनाच्या सरावासाठी कात्रणे
इंग्रजी विषयशिक्षक बंधू-भगिनींनो,

शनिवारच्या बैठकीला येताना प्रत्येकाने इंग्रजी दैनिकातल्या तीन छोट्या बातम्यांची कात्रणे आणावीत. बातमी १५० शब्दांच्या आतली, शक्यतो कोल्हापूरची. अग्रलेख आणि वाचकांची पत्रे कृपया नकोत. त्यातली मते मुले बातमीत उतरवतात.

हेडलाइन आणि डेटलाइनवर (बातमीचे ठिकाण व तारीख देणाऱ्या ओळीवर) कागदाची पट्टी ठेवूनच झेरॉक्स काढा. मजकूर वाचून या दोन्ही ओळी मुलांनी लिहायच्या. सर्वांत जास्त चुका हेडलाइनमध्येच होतात. घटना घडून गेलेली असली तरी तिथे क्रियापद साध्या वर्तमानकाळात येते आणि आर्टिकल गळते : ‘पंचगंगा क्रॉसेस डेंजर मार्क’. मुले ‘द पंचगंगा हॅज क्रॉस्ड’ असे पूर्ण वाक्य लिहितात. खालचा मजकूर मात्र भूतकाळात हवा, हे बजावून सांगा.

पुराची बातमी घेतलीत तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे पाणीपातळीचे आकडे आधी फळ्यावर लिहा : इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. नाहीतर ‘वॉर्निंग’ आणि ‘डेंजर’ यांची हमखास अदलाबदल होते.

पहिल्या परिच्छेदात काय, कुठे, कधी, कोण हे आलेच पाहिजे. ‘आय सॉ’ दिसले की तिथेच थांबवा.

मूळ कात्रणामागे दैनिकाचे नाव व तारीख लिहायला विसरू नका.