कितव्या पानावर आहात, ते विचारा

संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'सध्या काय वाचताय?' हे सदर सुरू झाल्यापासून मी ते न चुकता वाचते, खरं सांगायचं तर पुरवणी हातात आली की आधी तेच, आणि दर वेळी वाचून झालं की मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. काय काय वाचत असतात हो माणसं! सकाळी तत्त्वज्ञान, प्रवासात एखादी जाडजूड अनुवादित कादंबरी, आणि झोपताना 'थोड्या कविता'. हे सगळं सध्या, एकाच वेळी. आजवर एकानंही असं सांगितलेलं नाही की अहो, मी चार महिने झाले एकाच पुस्तकाच्या साठाव्या पानावर बसलोय, आणि रात्री ते उघडलं की दहा मिनिटांत चष्म्यासकट झोप लागते.

म्हणून गेल्या महिन्यात मी एक उद्योग केला. एक अर्धी कोरी वही पडून होती, तिच्यात रोज रात्री आज खरोखर काय वाचलं ते लिहायला लागले, म्हणजे डोळ्यांखालून जेवढी अक्षरं गेली तेवढी सगळी, मग ते पुस्तक असो नसो. पहिल्याच दिवसाची नोंद बघा. सकाळी तुमचा पेपर, अग्रलेख अर्धा, शब्दकोडं पूर्ण. मोबाइलवर तीन ग्रुपचे मिळून पाऊणशे तरी मेसेज, त्यातला आरोग्याचा एक लांबलचक फॉरवर्ड अगदी शेवटपर्यंत (का वाचला देव जाणे). गोळ्यांच्या खोक्यातलं ते बारीक घडी घातलेलं पत्रक, त्यातले साइड इफेक्ट वाचून गोळी घ्यावी की नको असं झालं. वॉशिंग मशीनच्या मॅन्युअलची दोन पानं. लेकीनं पाठवलेली एका लेखाची लिंक, तीन परिच्छेद वाचले आणि 'नंतर वाचू' म्हणून सेव्ह करून टाकली, ती अजून तिथंच आहे. आणि रात्री पुस्तक, पावणेदोन पानं. त्यातलंही पाऊण पान आदल्या रात्रीचंच, पेंगत वाचल्यामुळे काही आठवेना म्हणून परत.

महिनाभर वही लिहिली तेव्हा कळलं की मी दिवसभर काही ना काही वाचतच असते, पण कोणी विचारलं तर सांगताना फक्त ती पावणेदोन पानं सांगते. बाकीचं आपण धरतच नाही ना.

आमच्या घरात असं न धरलेलं वाचन भरपूर आहे. सासूबाई म्हणतात, "माझं वाचन सुटलं गं आता." आणि हे म्हणताना हातात भिंग आणि समोर पेपर, आधी निधनवार्ता, मग छोट्या जाहिराती, मग हरवले-सापडले, एक ओळ सोडत नाहीत. वर लेकीनं त्यांच्या फोनवर ऑडिओबुकचं अॅप टाकून दिलंय, रात्री कानाला लावून झोपतात, मध्येच डोळा लागतो, गोष्ट पुढे निघून जाते आणि सकाळी मला विचारतात, तो धाकटा भाऊ घरी परत आला का शेवटी? आता मला काय माहीत! मी म्हटलं, आई, तुम्ही महिन्यात दोन कादंबऱ्या संपवल्यात, माझी एक होत नाही. तर म्हणतात, "ते ऐकणं झालं, वाचन थोडंच." यावर मला एक फार आवडती गोष्ट आठवते. चौथ्या शतकात संत ऑगस्टीन मिलानमध्ये होते, तिथले बिशप अँब्रोज पानावरून नुसती नजर फिरवत वाचायचे, तोंडातून आवाज नाही, आणि हे ऑगस्टीनना एवढं नोंद घेण्यासारखं वाटलं की त्यांनी ते लिहून ठेवलं. तेव्हा मोठ्यानं वाचणं, दुसऱ्यानं वाचलेलं ऐकणं हे अगदी रोजचं होतं. म्हणजे सासूबाईच जुन्या वळणाच्या, मनातल्या मनात वाचणारे आपण नंतरचे.

लेकीचं वेगळंच. ती फोनवर फॅनफिक्शन वाचते, म्हणजे गाजलेल्या गोष्टींतली पात्रं घेऊन चाहत्यांनीच रचलेल्या नव्या गोष्टी, कोणीतरी हौशी लेखिका आठवड्याला एक प्रकरण टाकते आणि ही त्या दिवशी जेवता जेवता सारखी फोन बघत असते. मी एकदा बोलले, हे काय वाचन म्हणायचं? तिनं शांतपणे स्क्रीन माझ्यासमोर धरली, वर शब्दसंख्या होती, लाखाच्या वर. "आई, तुझं ते पुस्तक किती शब्दांचं आहे?" मी विषय बदलला. डिकन्सची पहिली कादंबरी 1836 पासून अशीच महिन्याच्या महिन्याला भागाभागानं निघत होती आणि लोक पुढच्या भागाची वाट बघत होते, हे मला आधीच माहीत होतं, पण ते तिला मी अजून सांगितलेलं नाही. कशाला आयतं हत्यार द्या.

आता राहिलं अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचं, जे मला तुमच्याशी मुख्य बोलायचं होतं. जॉर्डन एलेनबर्ग म्हणून अमेरिकेत गणिताचे प्राध्यापक आहेत, त्यांनी 2014 मध्ये गमतीत एक हिशोब मांडला. किंडलवर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या त्या यंत्रावर, वाचक ज्या ओळी हायलाइट करतात त्यातल्या सगळ्यात लोकप्रिय पाच घ्यायच्या, त्या कितव्या पानांवर आहेत त्याची सरासरी काढायची आणि पुस्तकाच्या एकूण पानांच्या किती टक्के येते ते बघायचं. सगळ्या खुणा सुरुवातीलाच असतील तर समजायचं की पुढे फारसं कोणी गेलेलं नाही. या मापाला त्यांनी नाव दिलं हॉकिंग इंडेक्स, कारण स्टीफन हॉकिंग यांचं काळाच्या इतिहासावरचं 1988 चं पुस्तक, जे खपलं प्रचंड आणि वाचून पूर्ण किती जणांनी केलं हा जुना विनोदच आहे. त्याचा आकडा आला 6.6 टक्के. थॉमस पिकेटी यांचा अर्थशास्त्रावरचा सातशे पानी ठोकळा त्या वर्षी खूप गाजत होता, तो तर 2.4 वरच अडकला. आणि त्याच वर्षी पुलित्झर मिळालेली एक लठ्ठ कादंबरी 98.5! हे शास्त्रीय वगैरे नाही असं प्राध्यापकांनी स्वतःच सांगितलंय, आणि कादंबरीत टाळ्यांची वाक्यं शेवटी असतात हेही आहेच, पण मला काय हायसं वाटलं म्हणून सांगू. प्रस्तावनेच्या पुढे न सरकणारी मी एकटी नाही.

तसंच ते ओळ परत वाचण्याचं. मला वाटायचं वय झालं, लक्ष लागत नाही. तर वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकतच नाही म्हणे, ती उड्या मारते, साधारण पाव सेकंद थांबते, परत उडी, आणि चांगल्या सराईत वाचकाच्याही शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे पडतात. डोळाच मागे जातो तिथं आपण काय करणार.

पुस्तक सोडून द्यायला मात्र मला फार उशिरा जमलं. विकत घेतलंय, लोक चांगलं म्हणतात, मग संपवलंच पाहिजे या हट्टापायी मी एका आत्मचरित्रावर सात महिने घालवले आणि त्या सात महिन्यांत दुसरं काहीही वाचलं नाही. ग्रंथालयशास्त्रातले रंगनाथन यांनी 1931 मध्ये पाच नियम मांडले, त्यातला चौथा आहे 'वाचकाचा वेळ वाचवा'. त्यांच्या मनात पुस्तकांची मांडणी, कॅटलॉग, देवघेवीची खिडकी असं सगळं होतं, पण मी तो माझ्या सोयीनं लावून घेतलाय. पन्नास पानांत जमलं नाही तर पुस्तक मिटायचं आणि ज्याला आवडेल त्याला देऊन टाकायचं.

तर विनंती अशी की सदर चालू ठेवा, छानच आहे, पण प्रश्न जरा बदला. काय वाचताय हे विचारलंत की माणूस इस्त्रीचे कपडे घालून उत्तर देतो. त्यापेक्षा कितव्या पानावर आहात, तिथं किती दिवस आहात, शेवटचं कुठलं पुस्तक सोडलंत आणि कुठल्या वाक्याला, खूण म्हणून पानात काय घातलंय, असं विचारून बघा. फोनवर, कानानं, दुकानात उभ्या उभ्या जे वाचलं तेही येऊ द्या. मोठ्या नावांबरोबर अधूनमधून आमच्यासारख्यांनाही विचारा.

सुरुवात मीच करते. पान 112, गेल्या वर्षीपासून. खूण म्हणून संपलेल्या गोळ्यांची स्ट्रिप आहे.

आपली,
एक नियमित वाचक

ता.क. सासूबाई विचारतायत की निधनवार्तांचा टाइप मध्यंतरी बारीक केलात तो परत मोठा करता येईल का. भिंगानंही दिसत नाही म्हणतात.