बरं केलं, उठवलंत

डॉक्टर,

परवा सिद्धूच्या कोपरातल्या, मोडलेलं हाड धरायला घातलेल्या दोन्ही तारा निघाल्या. काढणारे डॉक्टर दुसरेच होते. "मूठ कर, उघड," म्हणाले, त्यानं केली, आणि मग त्यांनाच विचारलं, "ते दगड-कागद-कात्रीवाले डॉक्टर कुठंयत?" त्यांना काही उमगलं नाही. मला उमगलं, आणि घरी येऊन हे लिहायला बसले. तुमचं नाव इथं घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही असं वाटतं.

त्या रात्रीचं तुम्हाला निम्मंच माहीत आहे. आधीचं निम्मं सांगते.

मे महिना, संध्याकाळचे सहा. सोलापुरातल्या आमच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, त्या वेळी भिंतीला पाठ टेकवत नाही इतक्या त्या तापलेल्या असतात. पोरांचा चेंडू भिंतीपलीकडं गेला, आमचं सात वर्षांचं ध्यान वर चढलं आणि उताणा पंजा टेकत खाली आलं. कोपर पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला, हाताची रेघच बदलली होती. सासूबाई मांडीवरचं विडीचं सूप बाजूला ठेवून तेल-हळद गरम करायला उठल्या. त्यांना थांबवलं. मोडल्या हाडाला चोळायचं नाही, ओढायचं नाही, एवढं मला माहीत होतं. वहीचा पुठ्ठा खाली धरला आणि हात होता तसाच ओढणीनं गळ्यात बांधला. त्या दिवशी मी केलेली बरोबर गोष्ट ही एवढीच.

मग जवळचा, चांगला म्हणून एक दवाखाना गाठला. नाव घेत नाही. काचेचं दार, एसी, माशांची टाकी. फोटो काढला, कोपराच्या वरचं हाड मोडलंय, सकाळी ऑपरेशनचं बघू, अनामत भरा. तोवर म्हणून हात कोपरात पूर्ण दुमडून वरून पट्टी गुंडाळली. मी चौदा वर्षं शाळेचे युनिफॉर्म शिवते. कापड कुठं ओढलं जातंय हे मला सांगावं लागत नाही. पट्टीच्या दोन्ही कडांना मांस वर आलेलं दिसत होतं. म्हटलं, "सर, जरा आवळ वाटतंय." ते म्हणाले, "तुम्ही शिलाईचं बघा, हे आमच्यावर सोडा." पावती मात्र छान घडी घालून पाकिटात दिली.

आठ वाजता गोळी दिली. नऊला पोरगं परत गोळी मागायला लागलं. साडेनऊला परत. जागेवर ठरत नव्हतं, पाणी दिलं तर पेला भिरकावला. फोन केला. "हाड मोडलंय, दुखणारच की ओ. सारखा फोन करू नका." दुसऱ्यांदा केला तर उचललाच नाही.

अकराच्या सुमाराला रडणं ऐकून शेजारचे मामा आले. त्यांची स्वतःची दोन बोटं तरुणपणी मागाच्या गिअरमध्ये गेलेली. त्यांनी सिद्धूची बोटं आपल्या उरलेल्या बोटांत धरली, काही बोलले नाहीत, आणि चपला घालायला लागले. बोटं गार होती.

"सिव्हिलला कोण बघणार" असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. मीही म्हणत आले. मामा केसपेपरच्या खिडकीवर उभे होते तोवर तुम्ही सिद्धूसमोर उकिडवे बसला होतात. काय झालं, कधी झालं, हे नंतर विचारलंत. आधी त्याच्या मधल्या बोटाचं टोक धरून ते अगदी हळू सरळ केलंत. एवढ्याशा हालचालीला तो असा किंचाळला की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. तुम्ही "कात्री" म्हणालात.

ती कात्री मी विसरणार नाही. माझ्या हातात दिवसभर कात्रीच असते, पण तसली नव्हती पाहिली. एक पातं बदकाच्या चोचीसारखं चपटं, म्हणजे कातडीला लागत नाही. वरची पट्टी कापलीत, आतली कापलीत, मला वाटलं झालं. तुम्ही आतला कापूसही कापलात, पार कातडी दिसेपर्यंत. "एक पदर जरी राहिला तरी आवळतो," म्हणालात. मनगटात जत्रेतला काळा गंडा रुतला होता, तोही कापलात, आणि माझ्या तळहातावर ठेवून म्हणालात, "देवाचा आहे, पर्समध्ये ठेवा." पट्टीखाली कातडीवर सुताची वीण उमटलेली होती. उभे-आडवे धागे मोजता आले असते.

मग दुमडलेला हात जरा सैल केलात आणि उशीवर छातीच्या रेषेत ठेवलात. मी आपली अजून एक उशी सारायला गेले, हात उंच ठेवायचा हे ऐकलेलं. "एरवी बरोबर, आज नको. रक्त आधी पोचू दे," म्हणालात. बोटं आधी पांढरी होती, मग डागडाग दिसले, मग गुलाबी. दहा मिनिटं लागली असतील.

ऑपरेशनचं मी लिहीत नाही. सकाळी पहिलाच नंबर लागला, दोन तारा घातल्या, झालं. मला लिहायचंय ते मधल्या चार-पाच तासांचं.

तुम्ही माझा हात घेतलात आणि माझंच नख दाबलंत. पांढरं झालं, सोडल्यावर लाल. "एक-दोन म्हणेपर्यंत रंग परत आला पाहिजे. त्याच्या हाताचं दाबायचं, मग तुमचं दाबायचं, फरक बघायचा. सिस्टर तासातासाला बघतीलच, पण तुम्ही आई आहात, तुम्ही शेजारीच आहात." मग सिद्धूशी दगड-कागद-कात्री खेळलात. मला वाटलं पोराला रमवताय. तुम्ही सांगितलंत की दगडाची मूठ एका नसेची, कागदाचा पंजा दुसरीचा, कात्रीची बोटं तिसरीची. शेवटी अंगठा आणि पहिलं बोट टेकवून गोल करायला लावलंत, ती आणखी एक बारीक फांदी. या मोडण्यात सगळ्यात जास्त वेळा तीच रुसते म्हणे. म्हणजे डॉक्टरची सगळी तपासणी झाली आणि पोराला वाटलं आपण जिंकलो.

आणि जाताना म्हणालात, "मी त्या कोपऱ्यातल्या बाकावर आहे. शंका आली तरी उठवा."

असं सगळेच म्हणतात, डॉक्टर. "काही लागलं तर सांगा." सांगायला गेलं की कपाळावर आठी.

तीन वाजून वीस मिनिटांनी मला वाटलं, बोटं पांढरी पडली. नख दाबलं, एक-दोन-तीन झालं, रंग येईना. परत दाबलं. जिवाचं पाणी झालं. तुम्ही बाकावर हाताची उशी करून झोपला होतात. मी दोनदा जवळ जाऊन परत आले. कानात अजून ते "सारखा फोन करू नका" होतं. तिसऱ्यांदा हाक मारली. तुम्ही एका हाकेत उठलात. गालावर रेक्झिनच्या शिवणीचा वळ होता. नख दाबलंत, मनगटाची नाडी बघितलीत, बोटं सरळ केलीत, झोपेतल्या पोराकडून "कात्री" करून घेतलीत. काहीच नव्हतं. डोक्यावरचा पंखा फुल्ल होता, हात उघडा पडून बोटं जराशी गारठली होती, आणि वर ट्यूबलाइटचा तो फटफटीत उजेड. चादर ओढलीत.

मी म्हटलं, "सॉरी डॉक्टर, उगाच उठवलं."

तुम्ही म्हणालात, "बरं केलं, उठवलंत. परत वाटलं तर परत उठवा."

आणि जाऊन झोपलात. बस, एवढंच. मी खाटेच्या लोखंडी दांडीला धरून रडले. पोराचा हात वाचला तेव्हा रडले नव्हते, तेव्हा रडले.

सकाळी जिन्यात तुम्ही समजावून सांगितलंत, तेव्हा मला ते बाकावरचं वाक्य नीट कळलं. हातातलं मांस न ताणणाऱ्या पिशव्यांत बसवलेलं असतं. मी माझ्या भाषेत घेतलं, मांजरपाटाची खोळ, होजिअरी नव्हे. आत सूज वाढली की खोळ ताणत नाही, बारीक रक्तवाहिन्या चेपतात, मांसाला रक्त मिळेना होतं. असं सहाएक तास गेले की मांस मरायला लागतं, आणि मग हाड कितीही सुरेख जुळलं तरी पंजा पक्ष्याच्या पायासारखा आकसून राहतो. फोल्कमन नावाच्या जर्मन सर्जननं हे १८८१ सालीच लिहून ठेवलंय म्हणालात. सिद्धूचं तिथवर गेलं नव्हतं, वाटेवर होतं. पहिले एक-दोन दिवस सूज वाढतच असते, म्हणून संध्याकाळी नीट बसलेली पट्टीसुद्धा मध्यरात्री आवळ होऊ शकते. आम्ही वाढत्या अंगाच्या पोरांच्या शर्टाला शिवणीत माया, म्हणजे जादा कापड ठेवतो, ते आठवलं.

आणि सगळ्यात आधी येते ती कळ. मोडण्याच्या मानानं जास्त, गोळीला न जुमानणारी, बोट सरळ केलं की जीव घेणारी. मुंग्या येणं, बोटं पांढरी पडणं हे मागाहून, आणि नाडी तर बऱ्याचदा शेवटपर्यंत लागते. लहान पोराला हे शब्दांत सांगता येत नाही. ते कावरंबावरं होतं, चिडतं आणि परत परत औषध मागतं.

म्हणजे आमचं पोर बरोबर सांगत होतं. फोनवर मीही तेच सांगत होते. पट्टी आवळ बसणं एक वेळ मी समजू शकते, माझ्या हातूनही शिवण चुकते, गिऱ्हाईक परत आलं की उसवून देते. पण परत आलेल्याला "परत येऊ नका" म्हणायचं? त्यांनी त्या रात्री एवढंच म्हणायचं होतं, "घेऊन या, बघू." त्याला ना मशीन लागतं ना डिग्री.

भैय्या चौकातून जाताना डॉ. कोटणीसांचं स्मारक लागतं. शाळेत असताना त्यांच्यावर निबंध लिहायचो आम्ही. सोलापूरचा मुलगा, १९३८ साली चीनला गेला, युद्धातल्या जखमींची ऑपरेशनं करत राहिला, १९४२ साली तिथंच गेला, वय अवघं बत्तीस. निबंधात "थोर", "त्याग" वगैरे सगळं लिहायचो. आता तिथून रिक्षा गेली की मला वेगळंच वाटतं. त्यांनाही रात्री तीनला कुणीतरी उठवत असणार, आणि त्यातल्या काही वेळा काहीच नसणार. तेव्हा काय म्हणत असतील ते? थोर माणसांचं माहीत नाही, पण साधी चांगली माणसं त्या रात्री मला चार भेटली. मामा. परतीचं भाडं न घेतलेला रिक्षावाला. पलीकडच्या खाटेवरची ती बाई, जिनं स्वतःच्या नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये असताना माझ्या डब्यात तिची कडक भाकरी आणि शेंगा चटणी घातली. आणि तुम्ही.

सिद्धूचा हात अजून पुरता सरळ होत नाही. तुम्हीच बजावलं होतंत, मालिश नको, कुणी ओढून सरळ करायचा नाही, खेळता खेळता होईल. सासूबाईंची तेलाची वाटी मी माळ्यावर टाकली आहे. रोज संध्याकाळी दोघं दगड-कागद-कात्री खेळतात. सासूबाई कायम कागदच करतात, त्यामुळं कायम हरतात.

तारा काढायला आले तेव्हा तुमच्यासाठी एक लहान उशी आणली होती. खाकी युनिफॉर्मचं कापड उरलं होतं, त्याची शिवली आहे, आत सावरीचा कापूस आहे. तुमची ड्युटी बदलल्याचं कळलं, म्हणून वॉर्डातल्या सिस्टरांकडं देऊन आले. खोळ निघते, धुवायला टाकता येईल. बाकावर ठेवा.

तुमची,
सिद्धूची आई