मॅकबेथचा काळोख उजळवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नाटकातल्या भुताखेतांवर जो लेख आला त्यात शेक्सपिअरच्या नाटकातल्या मॅकबेथ आणि चेटकिणींचं चित्र होतं, खाली लिहिलं होतं 'देलाक्रवाचं पेन्सिल स्केच'. ते स्केच नाहीये हो, लिथोग्राफ आहे, आपल्याकडे ज्याला शिळाछाप म्हणायचे ते, 1825 सालचं, हा फ्रेंच चित्रकार देलाक्रवा तेव्हा जेमतेम 27 वर्षांचा. पण नुसती ओळ चुकली असती तर मी लिहिलंही नसतं. मला जास्त लागलं ते हे की चित्र उजळ करून छापलंय, मोबाईलवर आपण फोटो ब्राइट करतो ना तसं, त्यामुळे सगळं राखाडी झालंय आणि त्या चित्राचा जीवच गेलाय.

का ते सांगतो. कॉलेजात असताना मी स्वतः लिथोचा दगड वाळू-पाणी घालून तासन् तास घासलाय. नेहमीची रीत अशी की चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं काढायचं, गोंद-ॲसिडचा हात द्यायचा, दगड ओला करून शाईचा रोलर फिरवायचा, शाई खडूला धरते आणि ओल्या जागी धरत नाही. देलाक्रवानं इथे उलटं केलं. दगडाचा बराचसा भाग आधी काळाच करून टाकला आणि मग टोकदार हत्यारानं तो काळा खरवडत खरवडत उजेड बाहेर काढला, हंड्याखालचा जाळ, वर चढणारा धूर, चेटकिणींच्या चेहऱ्यावरची तिरीप, सगळं असंच. आणि हात जरा जास्त चालला की पहिल्यासारखा मऊ काळा परत येत नाही, हे मी रडत रडत शिकलोय.

प्रवेशही बघा ना, चौथ्या अंकातला पहिला. सुरुवातीला चेटकिणी मॅकबेथला वाटेत भेटल्या होत्या, आता तो राजा झालाय, सोबतीच्या सरदाराला, बँकोला, मारून झालंय आणि तो आपण होऊन त्यांच्या दारात आलाय, पुढचं सांगा म्हणून. रंगमंचावर जास्त लाइट पडला की चेटकिणी नुसत्या मेकअप केलेल्या नट्या दिसतात. या चित्रात त्या जाळाशिवाय दुसरा उजेडच नाही, म्हणून भीती वाटते. तुम्ही वरून उजेड ओतलात की संपलं!

याच माणसानं 1825 मध्येच लंडनला 'फाउस्ट' या जर्मन नाटकावरचा प्रयोग बघितला आणि 1828 ला फाउस्टची 17 लिथो चित्रं छापून आली, खुद्द ते नाटक लिहिणाऱ्या म्हाताऱ्या गटेनं त्यातली काही बघून मनापासून वाखाणली होती. आणि आपल्या वाचकांना हे जड जाईल असं कृपया समजू नका, शिरवाडकरांनी केलेल्या 'राजमुकुट' या रूपांतरामुळे मॅकबेथ मराठीत घरचाच आहे आणि पुण्यात 1878 ला निघालेल्या चित्रशाळा प्रेसची देवादिकांची चित्रं दगडावरूनच छापून घरोघरी लागली होती.

तर विनंती आहे की एखाद्या रविवारी हे चित्र परत छापा, काळा आहे तसाच ठेवून, खाली 'लिथोग्राफ, 1825' एवढं लिहून. मूळ छाप साधारण 32 सेंटीमीटर उंच आहे, तुमच्या पानावर जवळजवळ खऱ्या मापात बसेल.

आपला,
एक जुना वाचक, सांगली