अवतरणचिन्हाला जागा ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या परदेश पानावर निर्णायक विजय असा मथळा वाचला. खाली बातमीत मात्र विजय झाल्याचं त्या सरकारच्या प्रवक्त्याखेरीज कुणीच म्हटलेलं नव्हतं. आपल्या उपसंपादकाला बोल लावत नाही. हेच पाप माझ्या हातून २००३ साली घडलंय.

२ मे, महाराष्ट्र दिनाच्या दुसऱ्या दिवशीची दुपारपाळी. वृत्तसंस्थेचा फोटो आला. सॅन डिएगोजवळच्या समुद्रात अब्राहम लिंकन ही विमानवाहू नौका, तिच्या डेकवर राष्ट्राध्यक्ष बुश आणि मागे भलाथोरला फलक : 'मिशन अकम्प्लिश्ड'. मी तीन कॉलमी मथळा दिला, 'मोहीम फत्ते', एकेरी अवतरणात. पान लावताना तो बसेना. मग अवतरणचिन्हं गेली आणि, कशी कोण जाणे, जागा झाल्यावर उद्गारचिन्ह आलं! दुसऱ्या दिवशी इराक आम्हीच जिंकल्यासारखा अंक निघाला. गंमत म्हणजे त्या भाषणात फलकावरचे शब्द नव्हतेच. मोठी लढाई संपली, इराकच्या लढाईत आपली सरशी झाली, असं बुश म्हणाले होते.

युद्ध सुरू झालं ते सर्वसंहारक अस्त्रांच्या नावाने. २००४ मध्ये अमेरिकेच्याच तपास पथकाने अहवाल दिला की साठे नाहीत. तोवर उद्दिष्ट लोकशाहीवर आलं होतं. जून २००५ मध्ये बुश म्हणाले, इराकी फौज 'स्टँड अप' झाली की आम्ही 'स्टँड डाऊन' होऊ, म्हणजे ती सज्ज झाली की आम्ही मागे सरू. या वाक्याने माझा अर्धा तास खाल्ला. 'ते उभे राहिले की आम्ही बसू' लिहिलं असतं तर वाचक हसले असते, पण अर्थ फारसा चुकला नसता. त्याच नोव्हेंबरात विजयाची रणनीती म्हणून एक दस्तऐवज आला. त्यात विजयाचे टप्पे पाडलेले : नजीकचा, मधला, दूरचा. कर्जाचे हप्ते पाडावेत तसे.

आणि १० जानेवारी २००७ चं भाषण. आपल्या बापजाद्यांनी मिळवला तसा हा विजय दिसणार नाही, युद्धनौकेच्या डेकवर शरणागतीचा सोहळा होणार नाही, असं बुश यांनी सांगितलं. रोख १९४५ च्या मिसुरी नौकेकडे, जपानच्या शरणागतीकडे होता. मला मात्र दुसराच डेक आठवला. तिथला सोहळा उरकून पावणेचार वर्षं होत आली होती.

डिसेंबर २०११ मध्ये फौजा परतल्या, तोवर सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक गेले होते. त्यातले बहुतेक त्या फलकानंतर. इराकी माणसं लाखाहून अधिक. फलक लावणं चूक होती, हे बुश यांनी जानेवारी २००९ मध्ये, पायउतार होताना कबूल केलं. आम्ही आमच्या मथळ्याचा खुलासा अजून छापलेला नाही.

मराठी या बाबतीत रोखठोक आहे. हरलो त्या गावाचं नाव आपण पराभवालाच देऊन टाकलं. अडीचशे वर्षांहून जास्त काळ 'पानिपत झालं' म्हणतोय, 'टप्प्याटप्प्याने माघार' म्हणत नाही. 'फत्ते' हा शब्दही तसाच पक्का. एकदा छापला की त्याला शेपूट जोडता येत नाही.

तेव्हा विनंती एवढीच : विजय सरकारच्या तोंडचा असेल तर अवतरणात छापावा. जागा पुरत नसेल तर टाइप दोन पॉइंटांनी उतरवावा.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक, सांगली