हिमस्खलनाचा इशाराही छापा ना

संपादक साहेब, स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत आल्प्स म्हटलं की रोपवे, चॉकलेट आणि बर्फातले फोटो एवढंच येतं, त्याला माझी ना नाही, पण तिथलं मला जे सगळ्यात भावतं त्यावर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी म्युनिकला राहतो आणि हिवाळ्यात ऑस्ट्रियात, इन्सब्रुकजवळच्या श्टुबाई आल्प्समध्ये स्की टूरिंगला जातो. म्हणजे लिफ्ट वगैरे काही नाही, स्कीच्या तळाला स्किन्स, म्हणजे लव असलेल्या लांब पट्ट्या, चिकटवायच्या आणि स्वतःच्या पायांनी चढायचं. स्किन्सची लव एकाच दिशेला बसलेली असते त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही, माथ्यावर पोचलं की त्या ओढून काढायच्या, थंडीने गोंद जाऊ नये म्हणून जॅकेटच्या आत ठेवायच्या आणि मग खाली स्की करत यायचं, ती मजा शब्दांत नाही सांगता येत.

मुक्काम फ्रान्झ सेन हटवर, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात, 2147 मीटर उंचीवर. हे फ्रान्झ सेन म्हणजे डोंगरातल्या गरीब गावाचे पाद्री, गावकऱ्यांना चार पैसे मिळावेत म्हणून वाटा आणि हट बांधायच्या मागे लागलेले, 1869 साली जर्मन अल्पाइन क्लब काढणाऱ्यांपैकी एक.

पण मला खरं सांगायचंय ते संध्याकाळी पाचचं. त्या वेळेला तिरोलचं, म्हणजे इन्सब्रुकच्या प्रांताचं, हिमस्खलन बुलेटिन येतं, दुसऱ्या दिवसाचं. 1 ते 5 धोक्याची पातळी, कुठल्या उंचीच्या वर, कुठल्या दिशेच्या उतारावर आणि कशामुळे, वाऱ्याने साचलेला बर्फ की उन्हाने ओला झालेला, सगळं लिहिलेलं असतं. हटमधल्या टेबलांवर नकाशे उघडतात, सूप निवत राहतं, आणि 3 आलं तर ठरलेलं शिखर सोडून कमी उताराची वाट धरण्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही. परवा 2 होतं म्हणून आम्ही वाइल्डेस हिंटरबेर्गलला (3288 मीटर) गेलो. अंधारातच निघालो, हटच्या दारात प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर (गाडला गेलेला माणूस शोधायला अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र) चालू आहे का ते एकेकाला पुढे पाठवून तपासलं, सॅकमध्ये फावडं आणि प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी, होतंच. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तरच खरी आशा, म्हणजे बाहेरची मदत येईपर्यंत वेळच नसतो, सोबतच्यांनीच खणायचं. आणि ऊन चढून बर्फ भिजायच्या आत खाली आलो.

आता आपल्याकडचं. पुण्या-मुंबईची कितीतरी पोरं हल्ली गुलमर्ग, सोलंग, औलीला स्की शिकायला जातात. 1 फेब्रुवारी 2023 ला गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. आपल्याकडेही डीआरडीओची डीजीआरई ही संस्था काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडसाठी इशारे देते, पण माझ्या ओळखीतल्या ट्रेकर पोरांना ते कुठे बघायचे हेच माहीत नाही, घरी आईवडिलांना तर नाहीच नाही.

म्हणून विनंती एवढीच की डिसेंबर ते एप्रिल हवामानाच्या चौकटीत, जिथे पुणे-नागपूरचं तापमान छापता तिथेच, डीजीआरईचा त्या दिवसाचा इशारा दोन ओळींत देत जा. दोन ओळींना जागा निघेल ना?

आपला,
एक वाचक, म्युनिक